प्यूमा आणि माणूस

एका जनावराला किती नावे असावीत? अमेरिका खंडात एक मोठे मांजर आहे. दक्षिणेकडे पेरू देशातले क्वेचुआ भाषेचे लोक त्याला प्यूमा म्हणत आले. उत्तरेकडे वसाहत करायला गेलेल्या युरोपियनांनी त्यालाच कूगर म्हटले, पँथर म्हटले, डोंगरी सिंह म्हटले. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७७१ साली त्याला लॅटिन नाव दिले. त्याचा अर्थ इतकाच, की एकरंगी मांजर. कॅनडातील यूकॉन प्रदेशापासून थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत याची वस्ती आहे. पश्चिम गोलार्धात जमिनीवर राहणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही रानटी सस्तन प्राण्याचा पसारा एवढा मोठा नाही. जितके प्रदेश तितकी नावे, आणि जितकी नावे तितकी मते! कोणी त्याला भित्रा ठरवले, कोणी खुनी ठरवले, तर कोणी त्याला माणसाचा मित्रही म्हटले.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, हे साता समुद्रांपलीकडचे जनावर. आमच्या शेताबांधाशी त्याचा काय संबंध? पण ज्या गावात उसाच्या फडातून बिबट्याचे ठसे निघतात, त्या गावाला हा संबंध फोडून सांगावा लागणार नाही. मोठे मांजर माणसाच्या शेजारी राहू लागले म्हणजे दोघांचा व्यवहार कसा चालतो आणि कशाने बिघडतो, याचा बराच मोठा लेखी हिशेब अमेरिकेत उपलब्ध आहे. तो आपण वाचावा, कारण त्यात लोकांनी मोजलेली किंमत आपल्याला पुन्हा मोजण्याचे कारण नाही.

आधी जनावराची ओळख करून घेऊ. पूर्ण वाढलेला नर साधारण पंचावन्न ते सत्तर किलो भरतो, मादी पस्तीस ते पन्नास. अंगावर ठिपके नाहीत. रंग वाळलेल्या गवतासारखा. त्याला सिंह म्हणतात खरे, पण त्याला सिंहासारखी डरकाळी फोडता येत नाही. घरच्या मांजरासारखी तो गुरगुर करतो. नात्याने तो सिंहापेक्षा चित्त्याला जवळचा. त्याचे मुख्य खाद्य हरिण. लांबवर पाठलाग करणे त्याला जमत नाही. दबा धरायचा, पाठीमागून झेप घ्यायची आणि मानेचा चावा घ्यायचा, ही त्याची रीत. खाऊन उरलेली शिकार तो पालापाचोळ्याने आणि मातीने झाकून ठेवतो आणि पुन्हा तिच्याकडे येतो. प्रत्येक नर आपापला मोठा मुलूख धरून एकटा राहतो. पिल्ले दीड-दोन वर्षे आईबरोबर असतात. मग त्यांना स्वतःची जागा शोधत बाहेर पडावे लागते. असाच एक तरुण नर साउथ डकोटा राज्यातील ब्लॅक हिल्समधून निघाला आणि जून २०११ मध्ये कनेक्टिकट राज्यात मोटारीखाली मेला. त्याने सुमारे अडीच हजार किलोमीटर वाट तुडवली होती! ही तरुण, जागा शोधणारी जनावरे नीट ध्यानात ठेवा. पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

आता इतिहासाकडे वळू. इंका लोकांच्या राज्यात प्यूमा हे सामर्थ्याचे चिन्ह होते. त्यांची राजधानी कुस्को ही प्यूमाच्या आकारात वसवली होती, अशी परंपरागत समजूत आहे. अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांत वाढलेला निसर्गलेखक डब्ल्यू. एच. हडसन याने १८९२ साली लिहून ठेवले आहे, की तिथले गुराखी प्यूमाला माणसाचा मित्र मानतात, कारण घोड्यावर तो तुटून पडतो पण माणसाच्या वाटेला जात नाही. यात भाबडेपणाचा भाग आहे, तरी पिढ्यान्पिढ्यांचा अनुभवही आहे.

उत्तर अमेरिकेत मात्र चित्र वेगळे झाले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जंगले तोडली, हरणांची बेसुमार शिकार केली आणि तिथे मेंढ्या, गाई, घोडे आणून सोडले. प्यूमाने काय करावे? हरिण नाही तर मेंढी, असा त्याचा सरळ हिशेब. मग सरकारे इनामे लावू लागली. प्यूमा मारा, पुरावा दाखवा, पैसे घ्या. एकट्या कॅलिफोर्निया राज्यात १९०७ ते १९६३ या काळात बारा हजारांहून अधिक प्यूमा इनामासाठी मारले गेले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट याने १९०१ च्या हिवाळ्यात कोलोरॅडोत शिकारी कुत्री घेऊन प्यूमांची शिकार केली, आणि तिचे वर्णन लोकांनी आवडीने वाचले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्लॉरिडाचा दलदलीचा कोपरा सोडला तर देशाच्या पूर्व भागातून प्यूमा जवळजवळ नाहीसा झाला. पूर्वेकडील प्यूमाची शेवटची खात्रीची नोंद मेन राज्यातली, १९३८ सालची. २०१८ साली अमेरिकन सरकारने या पूर्वेकडील प्यूमाचे नाव संरक्षित प्राण्यांच्या यादीतून काढून टाकले. कारण? तो नामशेष झाला होता.

एवढी कत्तल ज्याच्या भीतीने झाली, त्या जनावराने माणसे किती मारली होती? पॉल बायर या अभ्यासकाने १८९० ते १९९० या शंभर वर्षांच्या नोंदी तपासल्या. अमेरिका आणि कॅनडा हे दोन्ही देश मिळून त्याला त्रेपन्न हल्ले आढळले, आणि त्यांत दहा माणसे दगावलेली. शंभर वर्षांत दहा! पण या यादीत दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे. हल्ला झालेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लहान मुले होती, आणि त्यांतली बहुतेक मोठे माणूस जवळ नसताना सापडलेली. हल्ला करणारी जनावरे पुष्कळदा एक-दोन वर्षांची, अननुभवी किंवा उपाशी, रोडावलेली होती. म्हणजे धोका थोडा होता हे खरे, पण तो होता, आणि तो सगळ्यांना सारखा नव्हता.

त्या जुन्या नोंदींतली एक हकिगत सांगण्यासारखी आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर नावाचे बेट आहे. प्यूमाच्या हल्ल्यांच्या नोंदी या बेटावर विशेष दाट आहेत. तिथे सप्टेंबर १९१६ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी आणि आठ वर्षांचा एक मुलगा आपले घोडे आणायला रानात निघाले होते. प्यूमाने मुलीवर झेप घेतली. मुलगा पळाला नाही. हातातला लगाम आणि मुठी यांनी तो जनावराला बडवू लागला. प्यूमा मुलीला सोडून त्याच्यावर उलटला, तेव्हा मुलगी उठली आणि तिने जनावराशी झोंबी घेतली. अखेर ते निघून गेले. दोघांनाही भयंकर जखमा झाल्या होत्या, पण दोघेही वाचली. पुढल्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना शौर्याचे अल्बर्ट पदक दिले. या गोष्टीत शौर्य आहेच. पण शास्त्रज्ञांनी पुढे जे शोधून काढले, ते या पोरांनी त्या क्षणी करून दाखवले होते, हे अधिक लक्षात घेण्यासारखे आहे.

ते शास्त्र उशिरा आले. प्यूमाला मारणारे हजारो होते, पण तो जगतो कसा हे पाहणारे कोणी नव्हते. १९६४ साली मॉरिस हॉर्नॉकर या संशोधकाने आयडाहो राज्यातील निर्जन डोंगरांत हे काम आरंभले. कुत्र्यांच्या मदतीने प्यूमाला झाडावर चढवायचे, औषधाने बेशुद्ध करायचे, खूण करून पुन्हा सोडून द्यायचे. भर थंडीत, बर्फात त्याने हे काम वर्षानुवर्षे केले. त्याला असे आढळले, की प्यूमा आपापसात जागा वाटून घेतात, एकमेकांना टाळतात, आणि त्यामुळे त्यांची संख्या बेताबाहेर वाढत नाही. प्यूमा असूनही त्या भागातली हरणे वाढत होती. प्यूमा हरणे संपवतो म्हणून त्याला संपवा, हा जुना युक्तिवाद यामुळे लंगडा पडला.

हळूहळू कायदे बदलले. कोलोरॅडोने १९६५ साली इनाम बंद केले. कॅलिफोर्नियात १९७२ मध्ये हौशी शिकार थांबली आणि १९९० साली लोकांनी मतदान करून तिच्यावर कायमची बंदी घातली. प्यूमा पुन्हा वाढू लागला. पण आता नवा प्रश्न उभा राहिला. बोल्डर हे कोलोरॅडोतील विद्यापीठाचे गाव. तिथल्या लोकांनी हौसेने गावाभोवतीची मोकळी जमीन विकत घेऊन राखली. शिकार नाही, गवत भरपूर, हरणे आली. हरणे बागांतून चरू लागली, लोक कौतुकाने पाहू लागले. हरणांच्या मागोमाग प्यूमा आला. १९८० नंतरच्या काळात अंगणातली कुत्री जाऊ लागली, भरदिवसा प्यूमा दिसू लागला. जनावर माणसाला बुजेनासे झाले होते, कारण माणसाकडून त्याला कसलाही त्रास होत नव्हता. जानेवारी १९९१ मध्ये त्याच राज्यात आयडाहो स्प्रिंग्ज गावी अठरा वर्षांचा एक विद्यार्थी शाळेजवळच्या टेकडीवर धावण्याचा सराव करत होता. प्यूमाने त्याला मारले. कॅलिफोर्नियात १९०९ नंतर प्यूमाने माणूस मारल्याची नोंद थेट १९९४ सालची. त्या एका वर्षात दोन स्त्रिया बळी पडल्या.

पाहा, इथे इतिहासाने दोन चुका दाखवल्या. पहिली चूक द्वेषाची : सगळेच मारून टाका. दुसरी चूक कौतुकाची : येऊ द्या, काही होत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट, जनावराचा स्वभाव समजून न घेणे.

यावर लोक म्हणतात, सगळे मारू नका, पण गावाजवळचे तरी काढा. हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की जिथे प्यूमा जास्त मारले गेले तिथे पुढल्या वर्षी तक्रारी कमी न होता वाढल्या. त्यांनी दिलेले कारण असे : मुरलेला, वयस्क नर आपला मुलूख राखतो आणि माणसाला टाळायला शिकलेला असतो. तो गेला, की रिकाम्या जागेत ती तरुण, जागा शोधणारी, अननुभवी जनावरे घुसतात. हा निष्कर्ष सगळ्याच अभ्यासकांना मान्य आहे असे नाही. पण आपल्याकडचा एक अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून दूर नेऊन सोडण्याची मोहीम चालली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तिचा हिशेब मांडला. मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोहिमेनंतर ते सतरावर गेले! अनोळखी मुलखात सोडलेले, बिथरलेले जनावर आपले दुखणे दुसऱ्या गावाला घेऊन गेले, असाच याचा अर्थ. ज्या घरातले मूल गेले त्या घराला 'पिंजरा लावा' असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि माणसावर वारंवार हल्ला करणारे जनावर काढावेच लागते. प्रश्न सरसकट काढण्याचा आहे.

मग माणसाने करावे काय? याबाबत कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ इथल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग आकाशवाणीच्या श्रोत्यांना खास आवडेल. प्यूमाने हरिण मारले, की तो त्या जागी परत येतो हे आपण पाहिले. या लोकांनी शिकारीजवळ ध्वनियंत्र लपवून ठेवले. प्यूमा खायला आला, की कधी बेडकांचा आवाज लावायचा, तर कधी माणसाचे बोलणे. २०१७ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. बेडकांना प्यूमा एकदाच काय तो बुजला. माणसाचे बोलणे ऐकून मात्र शंभरातल्या त्र्याऐंशी वेळा तो ताटावरून उठून पळाला! आणि हे बोलणे कोणते होते? त्यात चक्क रेडिओवरच्या राजकीय वक्त्यांची भाषणे होती. माणसे अशी भाषणे ऐकून उठून जातात हे ठाऊक होते. प्यूमाही जातो, हे आता सिद्ध झाले. विनोद बाजूला ठेवू, पण बोध पक्का आहे. माणूस आहे, हे आधी कळले, तर बहुतेक वेळा हे जनावर स्वतःच बाजूला होते. गाठ पडते ती आपण मुकाट्याने, एकटे, तिन्हीसांजेला किंवा पहाटे जातो तेव्हा.

आणि समोर आलेच तर? तिकडचे जाणते लोक जे सांगतात त्याचा सारांश असा. पळू नये. पळणारे ते भक्ष्य, एवढेच मांजराला कळते. पाठ फिरवू नये, खाली बसू नये, वाकू नये. वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. मूल बरोबर असेल तर त्याच्यावरची नजर न काढता मूल चटकन उचलून घ्यावे. ताठ उभे राहून हात वर करावेत, अंगावरचे कापड पसरून मोठे दिसावे, खणखणीत आवाजात बोलावे, आणि त्याला निघून जायला वाट ठेवून हळूहळू मागे सरावे. जवळ येऊ लागले तर दगड, काठी, हाती येईल ते मारावे. झेप घेतलीच तर मेल्याचे सोंग करू नये. मान सांभाळावी, पायांवर उभे राहण्याची शिकस्त करावी आणि झुंजावे.

हे नुसते पुस्तकी नियम नाहीत. जानेवारी २००४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात प्यूमाने सायकलवरून जाणाऱ्या एका स्त्रीला धरून झुडपात ओढले. तिच्या मैत्रिणीने तिचा पाय घट्ट धरून ठेवला, सोडला नाही. इतर लोक धावून आले, त्यांनी दगडांचा मारा केला, आणि ती वाचली. मे २०१८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात दोन मित्र सायकलवरून जात असता प्यूमा मागे लागला. दोघांनी ओरडून, सायकल अंगावर घालून त्याला हाकलले. इथवर सारे बरोबर झाले. पण तो पुन्हा आला, त्याने एकाचे डोके जबड्यात धरले. दुसरा मित्र घाबरून पळाला. प्यूमाने धरलेल्याला सोडले, पळणाऱ्याचा पाठलाग केला आणि त्याला मारले. त्या बिचाऱ्याला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. तशा वेळी कोणाचेही पाय पळतील. म्हणूनच ही गोष्ट आधीपासून, शांतपणे, मनात मुरवून ठेवायला हवी.

शेजार निभावतो, याचाही पुरावा आहे. लॉस एंजेलिस या अफाट शहराच्या मधोमध ग्रिफिथ पार्क नावाची टेकड्यांची बाग आहे. दोन रुंद महामार्ग ओलांडून एक प्यूमा तिथे आला. २०१२ साली तो प्रथम आढळला. संशोधकांनी त्याला पी-२२ हा क्रमांक दिला. लाखो माणसांच्या वस्तीत तो दहा वर्षे राहिला आणि त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. शेवटी म्हातारपण, आजार आणि मोटारीची धडक यांनी तो खचला, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये त्याला वेदनारहित मरण देण्यात आले. आणि हेही लपवून चालणार नाही, की मार्च २०२४ मध्ये त्याच राज्यात रानात गेलेल्या दोन तरुण भावांवर प्यूमाने हल्ला केला आणि त्यांतला एक मरण पावला. वीस वर्षांत तिथला तो पहिला बळी. धोका कमी करता येतो. पुसून टाकता येत नाही.

आता आपल्या बांधावर येऊ. बिबट्या म्हणजे प्यूमा नव्हे. तो उसात राहतो, आपल्या गावांत वस्ती दाट आहे, आणि आपल्याकडचे हल्ले अमेरिकेपेक्षा कितीतरी अधिक आहेत. तिथला प्रत्येक नियम इथे जसाच्या तसा लावू नये; वनखात्याची माणसे सांगतात तेच आधी ऐकावे. पण दोन्हीकडे समान असे पुष्कळ आहे. अंधार पडल्यावर मुले अंगणात एकटी नसावीत. रात्री पाणी द्यायला जाताना सोबत, बॅटरी आणि काठी असावी. मोठ्याने बोलत, रेडिओ लावून जावे. उघड्यावर बसण्याची वेळ येऊ नये म्हणून शौचालय घरालगत असावे. गुरे-शेरडे बंद गोठ्यात बांधावीत. गावाकडेची घाण आणि तिच्यावर पोसणारी मोकाट कुत्री कमी करावीत, कारण बिबट्या त्यांच्यासाठी येतो. आणि बिबट्या विहिरीत पडला किंवा घरात शिरला, तर त्याच्याभोवती गर्दी करून त्याची वाट अडवू नये. कोंडलेले जनावर जो सापडेल त्याला ओरबाडते. वनखात्याला कळवावे आणि लोकांना मागे हटवावे.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती आहे. हल्ल्यांच्या यादीत मुले सर्वांत जास्त असतात, हे अमेरिकेच्या शंभर वर्षांच्या नोंदींनी दाखवले. ज्या शाळेची पोरे उसाच्या कडेने पायी येतात, तिथे वर्षातून दोनदा तरी हा धडा व्हावा. फळ्यावर लिहून नव्हे, तर मैदानात उभे करून. घोळक्याने कसे चालायचे, जनावर दिसले तर पळायचे नाही, लहानग्याला मधे कसे घ्यायचे, हे मुलांनी अंगाने शिकावे. आग लागली तर काय करावे, हे जसे आपण शिकवतो, तसेच हे. त्या धड्याला अर्धा तास लागेल, आणि त्याला कुठल्याही मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.